साठ चित्रं, पंचेचाळीसला पास

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच, हिच्या उपचारांना शिस्त हवी. हॉस्पिटलात बाकी सगळं ठीक आहे, शिस्त नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या आणि संध्याकाळी ट्यूशन घेतलेल्या माणसाला हे दारातच कळतं.

हिला स्ट्रोक येऊन सव्वा महिना झाला. पाय चालतो. उजवा हात अजून कच्चा आहे. बोलणं मात्र गेलं. म्हणजे आवाज आहे, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही. 'ते... ते...' इथवर येते आणि थांबते.

आज स्पीच थेरपीचा पहिला दिवस. थेरपिस्टबाई माझ्या एखाद्या विद्यार्थ्याची मुलगी शोभेल एवढीशी. मला सर म्हणते, हिला काकू. याला अफेजिया म्हणतात असं तिने समजावलं. जीभ ठीक, बुद्धी ठीक, शब्दही डोक्यातच आहेत, तिथवर जायची वाट तेवढी बंद झालीय. मी म्हटलं, म्हणजे उत्तर येतंय पण स्टेप्स विसरल्यात. ती म्हणाली, साधारण तसं. साधारण कशाला? तसंच आहे.

मग परीक्षा. स्पायरलची वही, साठ चित्रं, एकेक पान उलटून 'हे काय?' हिला साठपैकी चौदा. जिवाला लागलं. आमच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. मी मधेच तीन उत्तरं सांगितली, तर बाईंनी मला हसत हसत गप्प केलं. मग रिकामा कशाला बसू म्हणून साठही चित्रांची नावं क्रमाने उतरवून घेतली. सवय.

सहा आठवड्यांनी हीच परीक्षा पुन्हा. पंचेचाळीसच्या वर गेलं की पास. त्यानंतर काय ते बाई सांगत होत्या, पण मी तेव्हा बेचाळीसाव्या चित्रावर होतो. (दुर्बीण.)

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बाईंनी हिला सोडून मलाच गृहपाठ दिला. काकूंनी बोलायला सुरुवात केली की दहा सेकंद थांबायचं. शब्द पुरवायचा नाही. वाक्य पुरं करायचं नाही. वाट त्यांनाच शोधू द्यायची. पहिले सहा महिने सगळ्यात महत्त्वाचे असतात म्हणे.

दहा सेकंद! वर्गात मी दहा सेकंद गप्प राहिलो असतो तर पोरांनी बाकं मोडली असती.

तरी संध्याकाळी प्रयोग केला. ही 'ते... ते...' म्हणाली. मी मनात एक, दोन मोजले. तिनाला तिचा चेहरा बघवेना. म्हटलं, चष्मा? गोळी? पंखा? खिडकी? उशी? लेकीचा फोन? बाथरूम? हिने तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे बघत बसली. दमली असावी. म्हणून मी जरा आडवा झालो.

९ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, रविवारी अकराला करते. म्हणाली, बाबा, आज आईला द्या. मी स्पीकर लावला. आई कशी आहेस, असं तिने विचारलं. आई मस्त आहे, असं मी सांगितलं. जेवण जातं का? जातं. झोप? झोपही लागते. एकूण वीस मिनिटं छान गप्पा झाल्या दोघींच्या.

नंतर ही फोनच्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ बघत होती. लेकीची आठवण येत असणार.

दूध उतू गेलं. गॅस पुसताना कोपर भाजलं. किरकोळ.

११ फेब्रुवारी, मंगळवार
वेटिंग रूममध्ये ओळख झाली. निवृत्त बस कंडक्टर. कंपवाताने आवाज इतका बारीक झालाय की कान त्याच्या तोंडाला लावावा लागतो. जन्मभर 'पुढे सरका' ओरडून गाडी हलवणारा माणूस, आता घरात मीठ मागितलं तरी कुणाला ऐकू जात नाही. त्याची थेरपी म्हणजे ओरडणं. शेजारच्या खोलीतून अर्धा तास 'आऽऽ' येत असतं. त्याच्याआधी एक मुलगी असते, कॉलेजातली, तोतरी बोलणारी. ती बोलताना मध्येच अडते आणि आईकडे बघते. आई छताकडे बघते. आईला म्हणे तसं सांगितलंय. कमाल आहे. मुलगी अडलीय, आणि ही छत बघते!

मी त्या मुलीला तिचा शब्द सांगितला. तिला वेगळाच हवा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दोन आठवडे झाले, प्रगती शून्य. बाई हिच्याकडून शब्द काढून घेत बसतात. चहाचा कप दाखवतात, काय करतो याचं, कुठे असतो, कशासारखा वाटतो, असं आडवळणाने जातात. अर्ध्या तासात कप, पाणी आणि लेकीचं लाडकं नाव, एवढंच. तेही अर्धंमुर्धं. या वेगाने पोर्शन पुरा व्हायचा नाही.

घरी आल्यावर जुनी वही उघडली. साठ चित्रांची यादी. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

माझी ट्यूशन कशावर चालली? 'हमखास येणारे प्रश्न' यावर. ज्यांना वर्षभर काही आलं नाही अशी पोरं मी मार्चमध्ये पास केलीत. इथे तर प्रश्न हमखास नाहीत, तेच आहेत! याला पेपर फुटला असंही म्हणता येणार नाही. पेपर माझ्यासमोरच झाला.

संकल्प : रोज दहा चित्रं. सकाळी पाठांतर, संध्याकाळी उजळणी. कप आणि पाणी सिलॅबसच्या बाहेर, ते बंद.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
गेंडा, शिडी, कुलूप, घुबड पक्के. मी पहिलं अक्षर म्हणतो, ही पुढचं म्हणते. माझ्यामागून म्हणताना तर अख्खा शब्द स्वच्छ येतो. कोण म्हणतं वाट बंद आहे? वाटेला फक्त मास्तर हवा होता.

बाईंना सांगितलं नाही. निकालच बोलेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार
वीस झाले. दुपारी हिने वही लोटून दिली. मी उचलून पुन्हा समोर ठेवली. पुन्हा लोटली. हुशार मुलंसुद्धा परीक्षेआधी अशी करतात.

रात्रीचा स्वयंपाक, हिच्या गोळ्या, कपडे, भांडी, उजळणी. सगळं वेळापत्रकात बसवलंय. झोपेला साडेचार तास उरतात, ते पुरे. मी ठणठणीत आहे.

४ मार्च, मंगळवार
बाईंनी प्रॅक्टिसचा तक्ता मागितला. रोज घरी दहा मिनिटं काकूंशी गप्पा, कोण किती बोललं ते लिहायचं होतं. विसरलो होतो. वेटिंग रूममध्येच बसून तीन आठवड्यांचा तक्ता भरला. हिच्या रकान्यात पाच, सात, नऊ असे चढते आकडे टाकले. प्रगती दिसली पाहिजे.

ही शेजारी बसून बघत होती. तिला अंक वाचता येतात, ते ध्यानात आलं नाही.

शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. कंडक्टरने खुणेने दाखवलं.

९ मार्च, रविवार
पंचेचाळीस! सलग, क्रमाने, एका दमात. मी वहीही उघडली नव्हती. 'कुलूप' म्हटलं की पुढे 'घुबड, छत्री, कासव, होकायंत्र' आपोआप ओघळतात.

लेकीच्या फोनवर म्हणून दाखवायला लावलं. लेक म्हणाली, बाबा, हे काय आहे? मी म्हटलं, निकाल लागला की कळेल. तिने विचारलं, आई माझ्याशी बोलेल का? मी म्हटलं, अगं, आत्ता बोलली ना एवढी.

१३ मार्च, गुरुवार
दुपारी ही स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याकडे बघत 'गेंडा' म्हणाली. मी म्हटलं, शाब्बास, पुढे? ती पुन्हा 'गेंडा' म्हणाली आणि नळाकडे हात केला. तिसऱ्यांदा म्हणताना तिचे डोळे भरून आले. तेव्हा ट्यूब पेटली. पाणी हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी 'पाणी' येत होतं, अर्धं का होईना.

दिलं पाणी. परीक्षेचं टेन्शन आहे तिला. एकदा पार पडलं की सगळं सुरळीत होईल.

१८ मार्च, मंगळवार
साठपैकी एक्कावन्न!

मला बाहेर बसवलं होतं, पण दाराला कान लावून होतो. बाईंच्या आवाजात आश्चर्य. आत बोलावलं तेव्हा त्या वहीकडे आणि हिच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. म्हणाल्या, मार्क फार वाढलेत, पण गप्पांमध्ये काकू अजून अडतायत, दोन्हीचा मेळ बसत नाहीये. मग मला थेट विचारलं, सर, घरी बोलतात का त्या?

म्हटलं, भरपूर!

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशात रुमाल शोधायला लागलो.

बाईंनी तक्ता पाहिला. चढते आकडे पाहिले. म्हणाल्या, ठीक आहे, मग नियमाप्रमाणे आता होम प्रोग्रॅम. घरच्या घरी सराव, तीन महिन्यांनी एकदा दाखवायला यायचं. यादीत चौदा पेशंट थांबलेत, मंगळवार-शुक्रवारची जागा पुढच्याला द्यावी लागते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, पंचेचाळीसच्या पुढे गेलं की इथलं बंद.

पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. बेचाळीसावं चित्र.

तरी पास तो पास. येताना रिक्षात हिचं अभिनंदन केलं. हिने बाहेर बघितलं.

२० मार्च, गुरुवार
हात दाखवून अवलक्षण, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. होम प्रोग्रॅम म्हणजे मास्तर घरचाच, उलट सोयीचं. नवीन यादी करतो. शंभर शब्दांची.

ही कालपासून एकही शब्द बोललेली नाही. 'ते' सुद्धा नाही.

२३ मार्च, रविवार
लेकीने फोनवर विचारलं, थेरपी कशी चाललीय? म्हटलं, पास झाली, बंद झाली. ती ओरडलीच. सहा महिनेच मोलाचे असतात ना, बाबा, त्यातले तीन अजून बाकी आहेत, आणि तुम्ही पास करून घरी आणलंत? मी म्हटलं, रेंज नाही, ठेवतो.

रेंज होती.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी नऊला स्वयंपाकघरातून बाहेर आलो तर ही दाराजवळच्या खुर्चीत. बाहेर जायची साडी, एका हाताने नेसलेली, निऱ्या घसरलेल्या. पायात चपला. मांडीवर पर्स आणि हॉस्पिटलची फाइल.

समजावलं. अगं, आता जायचं नाही. आपण पास झालो. ही हलली नाही. घड्याळाकडे बोट करत राहिली. साडेनऊ. दहा. मी वर्तमानपत्र उघडून बसलो, एक ओळ वाचली नाही. अकरा वाजता, म्हणजे आपली वेळ संपल्यावर, ती उठली, चपला काढून रॅकमध्ये नीट ठेवल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौदा पेशंट यादीत. काय करून बसलो मी. हे वाक्य नंतर खोडायचं.

२७ मार्च, गुरुवार
खोडलं नाही. उद्या जाऊन हॉस्पिटलच्या नियमातला अन्याय दाखवून देणार. अर्ज तयार, मुद्दे सात. माझी चूक सातव्या मुद्द्यात ओझरती येते.

२८ मार्च, शुक्रवार
वेळ न घेता हिला घेऊन गेलो. दोन पेशंटच्या मधली पाच मिनिटं मिळाली. मी अर्ज उघडून मुद्दा क्रमांक एक वाचायला लागलो.

हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रेमाने नाही. दाबला.

मी थांबलो. ती म्हणाली, 'ते...' आणि अडली. मी तोंड उघडलं. थेरपिस्टबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं. त्या खोलीतलं घड्याळ फार मोठ्याने वाजतं. शेजारून कंडक्टरचं 'आऽऽ' चालू होतं. तेही संपलं, तरी हिचं चाललेलंच. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता हिला काहीतरी होणार. तेवढ्यात आलं.

"मार्क... खोटे."

मग बोट माझ्याकडे.

"ह्यांनी... घोकून... घेतलं."

बाईंनी पेन उचललं. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हिचं अजून संपलं नव्हतं.

"घरी... मी बोलत... नाही. हेच... बोलतात."

बाईंनी हे सगळं शब्द न शब्द लिहून घेतलं. लिहिताना हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. म्हणाल्या, चार वाक्यं, काकू, तुमची स्वतःची, कुणी न सांगता. मग मला विचारलं, खरं आहे का हे, सर? मी म्हटलं, अंशतः. मग म्हटलं, हो. यादीपासून तक्त्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. आयुष्यात इतक्या कमी वेळात मी काही सांगितलेलं नाही.

'खोटे', 'घोकून', 'बोलतात'. यातला एकही शब्द माझ्या साठात नाही. घरी येऊन तपासलं.

जागेचा प्रश्न राहिलाच होता. मंगळवार गेलेला, यादी तशीच. तेव्हा दारातून कंडक्टर म्हणाला की त्याच्या दोनपैकी शुक्रवारची जागा काकूंना द्या. त्याला काय, नुसतं ओरडायचंय, ते घरीही ओरडता येतं. हे त्याने इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की अख्ख्या कॉरिडॉरने वळून पाहिलं. म्हणजे थेरपीचा उपयोग होतो. ज्याने नीट केली त्याला.

४ एप्रिल, शुक्रवार
हिचं सेशन सुरू. एक्कावन्न रद्द. नव्या चित्रांवर सतरा.

आणि आता मीही पेशंट. चेष्टा नाही, फाइल उघडलीय. अफेजियात म्हणे जोडीदारालाही शिकवावं लागतं, कारण बोलणं दोघांचं असतं. आम्हा दोघांना समोरासमोर बसवून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. विषय, काल काय केलं. मग घड्याळ लावून मोजलं. मी नऊ मिनिटं दहा सेकंद. ही अकरा सेकंद. उरलेला वेळ माझा खोकला.

मला व्हिडिओ पुन्हा दाखवला. ही सहा वेळा तोंड उघडते. सहाही वेळा मी. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघते, नंतर नंतर टेबलाकडे. तिथे बसलेला माणूस फार वाईट दिसतो. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, हात सारखे चाललेले. कुणाचा बाप असेल तर म्हणावं, यांना घरी न्या.

माझे मार्क वीसपैकी दोन. तेही वेळेवर आल्याबद्दल.

घरचा अभ्यास : रोज दहा मिनिटं समोर बसायचं. सुरुवात तिने करायची. मी अवाक्षर काढायचं नाही. शेवटी फॉर्ममध्ये दोन रकाने भरायचे, पेशंटचे शब्द आणि जोडीदाराचे शब्द. यावेळी फॉर्म काकू सांभाळणार, असं बाईंनी ठरवलं. विश्वास नाही म्हणजे किती!

५ एप्रिल, शनिवार
पहिला प्रयत्न. चाळीस सेकंद टिकलो. मग पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. पंख्यावरून वायरमनवर गेलो. वायरमनवरून शाळेच्या जुन्या इमारतीवर.

हिने माझ्या रकान्यात रेघा मारायला सुरुवात केली होती. कागद पुरला नाही.

६ एप्रिल, रविवार
दुपारी चारला बसलो. टेबल, दोन खुर्च्या, मध्ये फॉर्म आणि पेन. ठरवलं, दात खाईन, पण बोलणार नाही.

एक मिनिट. दोन. बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं. तीन मिनिटं. ही माझ्याकडे बघत होती. टक लावून, वर्गात मागच्या बाकावरचं पोर फळ्याकडे बघतं तशी नाही, नीट. गेल्या तीन महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. की बघितलं होतं, आणि मी बोलत होतो? तिची नजर माझ्या कोपरावरच्या भाजल्याच्या डागावर गेली, मग बटणांवर, मग तोंडावर.

सहाव्या मिनिटाला म्हणाली, "तुम्ही..."

थांबली. माझ्या तोंडात डझनभर शब्द तयार. चुकलात, फसवलंत, ऐकत नाही, ऐकत नव्हतात कधीच. सगळे तिच्या हक्काचे. एकेक गिळला. सेकंद मोजायचं सोडून दिलं. ती शोधत होती, आणि मी तिला शोधू दिलं.

"तुम्ही... दमलात."

याचं उत्तर माझ्याकडे पाठ आहे. छे, मी कुठला दमतोय, मी ठणठणीत. उत्तर ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मग मला रडायला आलं. चांगलंच आलं, आवाजासकट. ती उठून माझ्या बाजूला आली आणि डाव्या हाताने माझं डोकं टेबलावर टेकवलं. पोरांना झोपवतात तसं.

जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. अंगावर तिची शाल. फॉर्म भरलेला होता, डाव्या हातचे वाकडे आकडे. पेशंटचे शब्द दोन. जोडीदाराचे शून्य.

तपासले. बरोबर आहेत.